गळ्यातलं नाणं आणि त्याची ओळख

सोन्याच्या कोंदणात बसवलेलं जुनं रोमन नाणं गळ्यात किंवा बोटात घालण्याची हौस आता आपल्याकडेही पोचली आहे. इटलीतल्या बुल्गारी या पेढीने १९६०च्या दशकात असे दागिने घडवायला घेतले आणि त्यांना जगभर नाव मिळवून दिलं. आज त्याच धर्तीची पदकं ऑनलाइन दुकानांतून घरबसल्या मागवता येतात. पदकाबरोबर एक वाक्य हमखास येतं: नाणं दोन हजार वर्षांचं आहे, म्हणून ते अमोल आहे. वऱ्हाडात या समजाला घरचा दुजोरा मिळतो. आजीच्या डब्यातली पुतळ्यांची माळ दाखवून त्या पुतळ्याही रोमन असाव्यात, असं सहज बोललं जातं. तिवसा तालुक्यात वर्धेच्या काठी कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचं माहेर म्हणून त्याची ख्याती, आणि सातवाहन काळातल्या वस्तीच्या खुणाही तिथल्या उत्खननात मिळालेल्या. मग रोमन व्यापारी, त्यांचं सोनं आणि आपली पुतळी यांची साखळी मनातल्या मनात जुळायला वेळ लागत नाही. या साखळीतली प्रत्येक कडी वेगळी तपासावी लागते. नाण्याचं मोल त्याच्या वयात नसून ओळखीत असतं: ते कोणी पाडलं, कशाचं पाडलं, कुठे सापडलं आणि कोणाच्या हातून आलं. दागिन्यात बसताना यातलीच बरीचशी माहिती गळून पडते.

नाण्याचा दागिना ही आधुनिक, पाश्चात्त्य टूम आहे, हा समज आधी बाजूला करू. खुद्द रोमन लोक हेच करत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला पॉम्पोनियस हा कायदेपंडित सांगतो की रत्नांसारखी वापरली जाणारी सोन्या-चांदीची जुनी नाणी कोणाला उपभोगासाठी मृत्युपत्राने देता येतात. त्याच्या काळातही नाणी ‘जुनी’ होती, अंगावर मिरवली जात होती आणि कायद्याला त्यांची दखल घ्यावी लागत होती. तिसऱ्या-चौथ्या शतकात सम्राटांच्या सुवर्णनाण्यांभोवती जाळीदार सोन्याच्या चौकटी घडवून पदकं केली जात, आणि अशी पदकं संग्रहालयांत आजही आहेत. भारतातला पुरावा याहून बोलका आहे. दक्षिणेत सापडलेल्या कित्येक रोमन आणि बायझंटाइन सोन्याच्या नाण्यांना सम्राटाच्या डोक्याच्या बरोबर वर शेजारी शेजारी दोन भोकं आहेत. दोरा ओवला की चेहरा सरळ, समोर बघणारा राहतो. म्हणजे भोक पाडणाऱ्याने चित्राची वरची बाजू ओळखली होती आणि नाणं गळ्यात शोभावं याची काळजी घेतली होती. हावेरी जिल्ह्यातल्या अक्की आलूरच्या साठ्यात अशी दुहेरी भोकांची नाणी मिळाली. ज्यांना खरं सोनं परवडत नव्हतं त्यांनी मातीवर भागवलं. तेलंगणातल्या कोंडापूरला आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रोमन नाण्यांच्या भाजलेल्या मातीच्या प्रतिकृती मिळाल्या आहेत. कडी किंवा भोक असलेली अशी पदकं अंगावर घालण्यासाठीच केलेली. तेव्हा परक्या राजाचं नाणं गळ्यात घालणं ही आपल्याकडची किमान दीड हजार वर्षांची रीत आहे.

रीत जुनी म्हणून पुतळी मात्र रोमन ठरत नाही. आपल्या पुतळीचा मूळ नमुना व्हेनिसचा आहे. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२८४ साली सोन्याचा ड्युकॅट पाडायला सुरुवात केली. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, सोनं त्या काळच्या तंत्राला शक्य तितकं शुद्ध. १७९७ साली ते प्रजासत्ताक नेपोलियनपुढे कोसळलं तोवर, म्हणजे पाचशे वर्षांहून अधिक काळ, या नाण्याचं वजन, कस आणि चित्र जवळपास तसंच राहिलं. लाल समुद्राच्या आणि इराणी आखाताच्या वाटेने ते हिंदुस्थानात आलं. कस बदलत नाही अशी खात्री पटल्यामुळे सराफाने ते बिनदिक्कत घेतलं. सभासद बखरीत शिवकालीन खजिन्यातल्या नाण्यांची जी यादी आहे तिच्यात होन, मोहरांबरोबर पुतळीही आहे. नाण्याच्या एका बाजूला संत मार्क उभा असून गुडघे टेकलेल्या राज्यप्रमुखाच्या हाती ध्वजदंड देतो आहे, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांनी वेढलेल्या लंबगोलात ख्रिस्त उभा आहे. आपल्या लोकांनी त्या दोन आकृतींत राम-सीता पाहिली, आणि परक्या धर्माचं चित्र विनासायास देवघरातलं झालं. पुढे मूळ नाणी दुर्मीळ झाली तेव्हा सोनारांनी स्वतःचे ठसे केले. भिंग घेऊन अशी पुतळी पाहिली तर तिचं कूळ उघड होतं. अस्सल ड्युकॅटवर संताच्या मागे, डाव्या कडेने ‘एस एम व्हेनेटी’ अशी लॅटिन अक्षरं एकाखाली एक उतरतात. देशी ठशात त्या अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा आणि ठिपके उरतात, कारण ठसा कोरणाऱ्याला ती वाचता येत नव्हती, त्याने त्यांचा आकार तेवढा उतरवला. आणखी अलीकडच्या पुतळ्यांवर तर थेट लक्ष्मी किंवा राम-सीता असते, पत्रा पातळ असतो आणि वजन ग्रॅमभर किंवा त्याहूनही कमी भरतं. एकाच माळेत तिन्ही पिढ्या ओवलेल्या असू शकतात. रोम आणि व्हेनिस दोन्ही इटलीत, एवढ्या एका धाग्यावर हजार वर्षांचं अंतर पुसून टाकणं मला पटत नाही. पुतळीचा खरा प्रवास ऐकीव रोमन कथेपेक्षा कितीतरी समृद्ध आहे.

यावर रास्त आक्षेप असा येईल की रोमचा व्यापार आपल्या दाराशी होता, मग रोमन सोनं वऱ्हाडात आलंच नसेल असं कसं म्हणता? व्यापार होता यात वाद नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे तेर, इथून भडोचच्या बंदरावर गाड्यांनी माल जात असल्याचं आहे. भडोचला रोमन सोन्या-चांदीची नाणी आणली जात आणि स्थानिक पैशाशी बदलताना त्यांत नफा होई, असंही तो ग्रंथ सांगतो. रोमन लेखक प्लिनीने तर दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स हिंदुस्थान ओढून घेतो अशी तक्रार केली. शंभर सेस्टर्सचं एक सुवर्णनाणं या हिशेबाने ती पाच लाख सोन्याची नाणी होतात. पण प्लिनी रोमन श्रीमंतांच्या चैनीवर कोरडे ओढत होता, आणि त्याचा आकडा मालाच्या किमतीचा आहे. तेवढी नाणी जहाजांत भरून आली असा त्याचा अर्थ होत नाही. प्रत्यक्ष जमिनीतून काय निघालं ते पाहिलं तर रोमन सोन्या-चांदीचे मोठे साठे केरळ, तामिळनाडू आणि आंध्रात दाटलेले दिसतात. दख्खनच्या पठारावर ते त्या मानाने तुरळक आहेत. वऱ्हाडच्या जमिनीने दिलेला ठळक साठा वेगळाच आहे. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात, आताच्या वाशीममध्ये, मंगरूळपीर भागातल्या तऱ्हाळ्याला दीड हजारावर नाणी निघाली. ती सगळी सातवाहनांची, पोटीन या हलक्या मिश्रधातूची. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ती प्रसिद्ध केली आणि सातवाहन राजांच्या नामावळीत त्यामुळे भर पडली. इथल्या बाजारात हातोहाती फिरत होता तो हाच पैसा. एखादं रोमन नाणं वर्धेकाठी आलंच नसेल असं कोणी छातीठोकपणे म्हणू नये. मात्र शक्यता म्हणजे पुरावा नव्हे, आणि गळ्यातल्या माळेला तर सापडण्याचं ठिकाणही नसतं.

दक्षिणेतल्या साठ्यांतली एक गोष्ट इथे फार उपयोगी पडते. १८९८ साली पुदुकोट्टै संस्थानात ५०१ रोमन सुवर्णनाणी मिळाली. त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव आहे. तो कोणी आणि का घातला यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण ही नाणी पुढे सम्राटाच्या पतीवर न चालता धातूच्या वजनावर चालली, हा अर्थ सर्वांत सरळ लागतो. म्हणजे त्या काळच्या आपल्या व्यापाऱ्यालाही ‘रोमन’ या नावाची भुरळ नव्हती, तो तराजूला विचारत होता.

आता मोलाकडे येऊ, कारण फसगत इथेच जास्त होते. दोन हजार वर्षं जुनं म्हणजे लाखमोलाचं, हे गणित चुकीचं आहे. रोमन साम्राज्याच्या टाकसाळींनी अफाट संख्येने नाणी पाडली. विशेषतः चौथ्या शतकातली, कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांच्या काळातली तांब्या-काशाची छोटी नाणी युरोपात आणि पश्चिम आशियात आजही सतत निघतात, आणि झिजलेलं असं नाणं जगाच्या बाजारात अगदी स्वस्तात मिळतं. स्वस्तातल्या पदकांत बसतात ती बहुधा हीच. अशा दागिन्याची बहुतेक किंमत भोवतीच्या सोन्याची आणि घडणावळीची असते. ऑगस्टसच्या काळचं साधारण पावणेआठ ग्रॅमचं किंवा नीरोने घटवल्यावरचं सव्वासात ग्रॅमचं सुवर्णनाणं ही फार वरची गोष्ट, आणि त्याला कागदपत्रांची साथ लागते. तरीही गिऱ्हाईक सोन्यावरचा हॉलमार्क पाहून निश्चिंत होतं. हॉलमार्क आणि १ एप्रिल २०२३पासून सक्तीचा झालेला सहा अक्षरांकांचा ओळख क्रमांक दागिन्याच्या सोन्याचा कस सांगतो. कोंदण ९१६ कसाचं आहे याची ती ग्वाही आहे, आत बसवलेल्या नाण्याच्या वयाशी तिचा काडीचाही संबंध नाही.

याच्या उलट टोकाचा समज असा की दागिन्यात बसवलं म्हणजे नाणं बाद झालं. तेही सरसकट खरं नाही. कडेने नुसती सोन्याची पट्टी दाबून केलेल्या कोंदणातून नाणं जसंच्या तसं बाहेर काढता येतं. भोक पाडलं, कडीला डाख दिला किंवा चकाकी यावी म्हणून घासलं, तर संग्राहकाच्या दृष्टीने त्याचं मोल घसरतं, आणि ते परत येत नाही. मात्र भोक आजचं की दीड हजार वर्षांपूर्वीचं, हा फरक मोठा आहे. जुन्या भोकाची कड ओवलेल्या दोऱ्याने गुळगुळीत झिजलेली असते. ते भोक हाच नाण्याच्या इथल्या आयुष्याचा पुरावा असतो. ते बुजवून नाणं ‘पूर्ववत’ करून देणारा कारागीर त्या पुराव्यावरच हातोडा चालवतो.

जुनं म्हणजे लाखमोलाचं मानण्याची चूक आपण राणीछाप रुपयाबाबतही करतो. बंजारा आणि कोरकू बायकांच्या गळ्यात पिढ्यान्‌पिढ्या चांदीच्या कलदारांच्या माळा आहेत. व्हिक्टोरियाचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात जवळपास ९२ टक्के चांदी. तो जुना आहे, सुंदर आहे, पण दुर्मीळ नाही. ठरावीक सालाचा रुपया कोट्यवधींना जातो, ही अफवा ऐकून अनेकांनी अनोळखी फोनवर ‘नोंदणी फी’ भरून पैसे गमावले आहेत. दुसरीकडे अशी माळ वजनावर मोडून टाकणाऱ्यालाही माझा विरोध आहे. मोडीत चांदीचा भाव मिळतो, माळ गुंफण्याची तऱ्हा आणि घराण्याची आठवण वितळून जाते.

नकली नाणी हा वेगळा मोठा विषय आहे, इथे दोनच खुणा सांगतो. रोमन नाणं तापवलेल्या चकतीवर ठसा हातोड्याने ठोकून पाडलेलं असतं. त्यामुळे धातू कडेकडे पसरल्याच्या बारीक रेषा दिसतात आणि चित्र क्वचितच बरोबर मधोमध असतं. साच्यात ओतलेल्या नकलेत अक्षरांच्या कडा बोथट असतात, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात आणि कडेला साच्याच्या सांध्याची रेघ राहते. दागिन्यातल्या नाण्याची नेमकी कडच कोंदणाखाली झाकलेली असते. म्हणून नाणं बाहेर काढून दाखवायला नकार देणाऱ्या विक्रेत्याकडून ते जुनं म्हणून घेऊ नये.

शेवटचा गैरसमज महागात पडणारा आहे: आपल्या शेतात सापडलं ते आपलं. वऱ्हाडात गावोगाव पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची, टेकाडं आहेत. घराचा पाया खणताना किंवा पांढरीची माती शेतात टाकायला नेताना मडकं, मणी, नाणी निघू शकतात. १८७८चा गुप्तधनाचा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही पुरलेलं मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि वाटाही जातो. सरकार सगळं हिसकावून घेतं म्हणून लोक गप्प बसतात, पण कायदा तसं म्हणत नाही. जुना मालक पुढे आला नाही आणि दुसरा काही करार नसेल तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला, एक चतुर्थांश जमीनमालकाला मिळतो. सरकारने निधी स्वतःकडे ठेवायचं ठरवलं तर धातूच्या किमतीवर तिचा एक पंचमांश जास्त द्यावा लागतो. याशिवाय १९७२च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनं कोणतंही नाणं पुरावशेष ठरतं. त्याचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या लेकीला आजीची अस्सल ड्युकॅटची माळ किंवा राणीछाप रुपयांचा हार पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करावी. ज्या वस्तू पुरावशेष नाहीत त्यांना तसा दाखला तिथून मिळतो, आणि अलीकडच्या ठशाच्या पुतळ्यांना तो मिळायला हरकत नसते.