टोकांचे वय पाच वर्षे

गेल्या हिवाळ्यात माझी भाची केस कापायला निघाली होती. कंबरेच्या खाली येणारे केस, लहानपणापासून वाढवलेले. शनिवार पेठेत माहेरी होती तोवर ठीक चालले होते. लग्नानंतर वाघोलीला राहायला गेली आणि दीड वर्षात केसांचा पार काथ्या झाला. "मावशी, गुंता काढायला रोज अर्धा तास जातो. पार्लरची वेळ घेतलीय मी," म्हणाली. मी तिला म्हटले, दोन महिने थांब, मग काय ते काप.

तिने घरगुती उपाय केले नव्हते असे नाही. शिकेकाई-रिठ्याची पूड आणून आठवड्यातून तीनदा केस चोळून धुतले होते, शेंड्यापासून टोकापर्यंत. वर लिंबू पिळले होते. घरचे म्हणजे सौम्य, असे आपण धरूनच चालतो. रिठा अजिबात सौम्य नाही. त्याच्या सालीत आणि शिकेकाईच्या शेंगेत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते, तोच त्यांचा फेस. तेल आणि मळ ओढून काढणे हे त्याचे काम. आधीच कोरड्या केसांतून आणखी तेल ओढले की काथ्याच होणार!

इथे थोडे गणित करावे लागते. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे पाऊण मीटर लांब केसाचे टोक पाच-सहा वर्षांचे असते. पाच-सहा उन्हाळे, तितकीच होळी-रंगपंचमी आणि रोजचे विंचरणे त्याने सोसलेले असते. केसावर कौलांसारखे एकावर एक बसलेले बारीक खवले असतात, ते टोकाशी झिजून उचकटलेले असतात. उलट मुळाशी केस कालपरवाचा, नवा कोरा. डोक्याच्या त्वचेतून पाझरणारे तेल त्याला मिळते, पण ते टोकापर्यंत पोचत नाही. तेव्हा एकाच वेणीची ही दोन टोके एकाच पदार्थाने, एकाच जोराने धुऊन कशी चालतील? मुळे धुवायची आणि लांबी जपायची. बाकी सारे यातून निघते.

दुसरी गोष्ट पाण्याची. खडकवासल्याचे नळाचे पाणी तसे मऊ. उपनगरांत बोअरचे किंवा टँकरचे पाणी आले की बादलीला पांढरे किटण चढते, डाळ शिजायला वेळ लागतो. अशा जड पाण्यात साबणाचा चिकट साका तयार होऊन केसांवर बसतो. शिकेकाई-रिठ्याचा तसा साका होत नाही, हा त्यांचा मोठा गुण. शिवाय शिकेकाई किंचित आम्लधर्मी असते, साबणासारखी अल्कधर्मी नव्हे. त्यामुळे केसांचे खवले उचकटत नाहीत.

आता काढ्याची कृती. मंडईच्या आसपास काष्ठौषधीची जुनी दुकाने आहेत, तिथे अख्ख्या शेंगा मिळतात. कोरड्या लांब केसांना पूड नकोच, ती गुंत्यात अडकून बसते आणि निघता निघत नाही. शिकेकाईच्या सहा-सात शेंगा बिया काढून ठेचाव्या, दोनच रिठे फोडून आतली काळी बी टाकून द्यावी, त्यात चमचाभर आवळकाठी घालावी. हे तीन कप पाण्यात रात्री भिजवून सकाळी मंद आचेवर दहा मिनिटे उकळावे. पातेले मोठे घ्या, रिठा दुधासारखा उतू जातो. आणि पातेले स्टीलचेच घ्या. लोखंडाच्या कढईत आवळा काळा होतो, केस काळे करायचे तर ते बरे, पण न्हाणीघराच्या फरशीवर त्याचे डाग पडतात. निवल्यावर हाताने कुस्करून जुन्या पंचातून गाळावे. हा काढा फक्त डोक्याच्या त्वचेला बोटांनी लावायचा. लांबीवरून तो नुसता ओघळून जातो तेवढे तिला पुरे. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. पाणी कोमट हवे, गीझरचे कढत नको. मान मागे करून धुवा. रिठा डोळ्यात गेला की काय होते ते आमच्या पिढीतल्या प्रत्येकीला आठवत असेल. मी तर शेजारच्या वाड्यात ऐकू जाईल असे रडत असे.

लांबीसाठी लागतो बुळबुळीतपणा. जास्वंदीची आठ-दहा पाने पाण्यात चुरडली की जो चिकट रस सुटतो तो, किंवा रात्री भिजवून वाटलेल्या मेथीचा गाळलेला रस. माझी स्वतःची पसंती जवसाला. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात सारखे ढवळत उकळावेत आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकाइतके दाट झाले की गरम असतानाच गाळावेत. गार झाले की गाळणीतून थेंब उतरत नाही, हा धडा मी एक गाळणी गमावून घेतला. न्हाणे झाले की हा रस ओल्या लांबीला लावून दहा मिनिटे ठेवायचा आणि धुऊन टाकायचा. केस घसरता झाला की गुंता सुटतो, आणि गुंता सुटला की तुटणे थांबते. कोरफडही चालते, पण पान कापल्यावर प्रथम निघणारा पिवळा चीक निथळू द्यावा, त्याने खाज सुटते.

राहिले तेल. न्हाण्याच्या आदल्या रात्री खोबरेल लावायची आपली पद्धत अगदी बरोबर होती. मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्यात केसातून निघून जाणारे प्रथिन एकट्या खोबरेलाने कमी केले. त्यातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ, म्हणून तो केसाच्या आत शिरतो, असे त्यांचे म्हणणे. ही कंपनी खोबरेलच विकते हे लक्षात ठेवून ते वाचावे, पण कारण मला पटते. डिसेंबरात पुण्यात बाटलीतले तेल गोठते, ती गरम पाण्यात ठेवली की झाले. तेल टोकांना जास्त, मुळाशी बेताचे.

माका-ब्राह्मीचे तेल घरी करणाऱ्यांना एकच सांगते, पाणी पूर्ण आटू द्या. शार्ङ्गधर संहितेत वाटलेले औषध एक भाग, तेल चार भाग आणि रस किंवा काढा सोळा भाग असे प्रमाण आहे. तेल झाल्याची खूणही दिली आहे: आतल्या गाळाची वात वळता यावी आणि ती विस्तवात टाकली तर तडतडू नये. तडतडली तर पाणी आहे, आणि पाणी राहिलेले तेल टिकत नाही. काढा आणि जवसाचा रस तर फ्रीजमध्येही तीन-चार दिवसांच्या वर ठेवू नयेत.

भाचीच्या बाबतीत आणखी एक चोर सापडला, तो म्हणजे स्कार्फ. पुण्यातल्या मुली दुचाकीवर मोकळ्या केसांवर सुती ओढणी घट्ट गुंडाळतात आणि तासभर वाऱ्यात घासत जातात. आधी वेणी घालून मग स्कार्फ बांधला की निम्मे काम होते. टॉवेलने खसाखसा पुसणेही बंद केले, पंचा गुंडाळून टिपायचे. विंचरायचे टोकांकडून वर, रुंद दाताच्या फणीने.

दुभंगलेले टोक मात्र कशानेही सांधत नाही. तेवढे कापावेच लागते. आणि केस मुळापासून झुबक्याने गळत असतील, थकवा येत असेल, तर काढे करत बसू नका. रक्तातले हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, माझ्या ओळखीत दोघींचे दुखणे तिथेच निघाले. बाजारातल्या काळ्या मेंदीपासूनही जपा, तिच्यात पीपीडी हे रसायन असू शकते आणि त्याने टाळू सुजून येतो.

भाची अखेर पार्लरला गेली, पण चार बोटे टोके कापून परत आली. गुंता अजून होतो, पण पाच-दहा मिनिटांत सुटतो. आता ती रिठे किलोने आणते. केसांना दोनच लागतात, बाकीच्यांच्या पाण्यात तिच्या सासूबाई पैठण्या आणि चांदीची निरांजने धुतात.