दीडशे टक्क्यांचा वारसा

दिवाळीच्या सुमारास कोकणचा दर्या निवळतो. पावसाळाभर झाकून ठेवलेल्या शिडाच्या नौका पाण्यात उतरतात. पुढच्या शिडाची शिवण उसवलेली दिसली की मालकापुढे प्रश्न उभा राहतो: नवे शीड केवढे शिवायचे? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते, ‘आधी होते तेवढेच.’ पण ते आधीचे माप ठरवले कुणी?

डोलकाठीच्या पुढचा त्रिकोण हा हेडसेलचा, म्हणजे पुढच्या शिडाचा, मुलूख. शीड त्यात मावले तर जिब. डोलकाठी ओलांडून मागे गेले तर जिनोआ. हे नाव इटलीतल्या शहराचे. स्वीडनच्या स्वेन सालेन यांनी 1926 मध्ये तिथल्या शर्यतीत आपल्या सिक्स मीटर नौकेवर असे शीड चढवले. नियम पुढचा त्रिकोण तेवढा मोजत. मागे गेलेले कापड हिशेबात नव्हते. फुकटचे शीड! पुढे 1970 च्या दशकात आयओआर या शर्यतींच्या नियमावलीनेही 150 टक्क्यांपर्यंतच्या जिनोआला दंड लावला नाही. मग अरुंद मेनसेल (डोलकाठीमागचे मुख्य शीड) आणि अवाढव्य जिनोआ अशा नौका निघाल्या. सफरीच्या नौकांनी तोच साचा उचलला, शर्यतीशी त्यांचा संबंध नसताना.

हे टक्के कसले? डोलकाठीपासून पुढच्या तारेच्या तळापर्यंतचे अंतर म्हणजे 100. शिडाच्या मागच्या कोपऱ्यातून पुढच्या कडेवर टाकलेला लंब त्याच्या दीडपट भरला तर शीड 150 टक्के. समजा, ते अंतर 4 मीटर आणि शिडाची पुढची कड 14 मीटर आहे. मग 100 टक्क्यांचे शीड 28 चौरस मीटर, 135 चे सुमारे 38 आणि 150 चे 42.

वाऱ्याचा दाब मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. 10 नॉटचा वारा सव्वाबारा झाला, की दाब दीडपट. म्हणजे ढोबळमानाने 42 चे शीड 10 नॉटला जेवढे ओढते, तेवढे 28 चे सव्वाबाराला ओढते. थोरल्या शिडाची सगळी कमाई या सव्वादोन नॉटांच्या फटीत. वारा 20 झाला की दाब चौपट, आणि तेच शीड ओझे होते. शिवाय प्रत्येक टॅकला, म्हणजे वाऱ्यासमोरून नौका वळवताना, ते डोलकाठीवरून ओढून न्यायचे आणि समोरची होडी त्याच्याआड दिसत नाही, हे वेगळेच.

‘फर्लरवर गुंडाळू की,’ असे कुणी म्हणेल. गुंडाळता येते, पण साधारण तीस टक्के रुंदी आत गेली की शिडाचा बाक बिघडतो, ते पिशवीसारखे फुगते. पुढच्या कडेत फोमची पट्टी शिवली आणि शीटची (शिडाच्या दोरीची) कप्पी पुढे सरकवली तर थोडे सावरते. 135 चे शीड 100 पर्यंत आणताना सव्वीस टक्के जातात, म्हणजे मर्यादेत. 150 चे आणताना तेहतीस, म्हणजे मर्यादेपलीकडे.

म्हणून सगळ्यांनी लहान जिब घ्यावी, असेही नाही. हल्लीच्या नौकांचे मेनसेल भरदार असते, त्यांना 90 ते 105 टक्के पुरतात. मंद वाऱ्यासाठी वेगळे हलके शीड ठेवले की झाले. जुन्या, अरुंद मेनसेलच्या नौकेची जिनोआ काढून घ्याल तर ती मंद वाऱ्यात मुंगीच्या गतीने जाईल. शिवाय शिडांचा तोल मागे सरकून सुकाणू जड होईल. तिला 130-135 बरे. लांब पल्ल्याला तिसरी वाट आहे: कामाची वाटणी. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये आणि अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा नौकांवर जिनोआच्या मागे छोटे स्टेसेल असते; वारा चढला की थोरले गुंडाळून धाकट्यावर भिस्त.

आपल्या किनाऱ्यावर हंगामात पहाटे मतलई वारे, दुपारनंतर खारे. पहाटेचा वारा पडला की अनेक जण इंजिन सुरू करतातच; मग शीड शिवायचे ते दुपारच्या वाऱ्याला बेतून.

तेव्हा शिडे शिवणाऱ्याला टक्के सांगण्याआधी गेल्या हंगामाचे लॉगबुक काढावे. किती दिवस शीड पुरते उघडले होते आणि किती दिवस अर्धे गुंडाळलेले? दुसरा आकडा मोठा निघाला, तर इतके दिवस आपण जिनोआतली जुनी शर्यत लढत होतो.