४८ केबीचा डबा आणि जयंतीची वर्गणी

हल्ली कोणाच्याही घरी जा, एक तक्रार हमखास कानावर येते. मोबाईलची मेमरी फुल झाली! लग्नाचे फोटो, नातवाचे व्हिडिओ, रोज सकाळी येणारी शुभेच्छांची चित्रे. चौसष्ट जीबीसुद्धा माणसाला पुरत नाही. आम्ही आमच्या वस्तीतील पोरे ज्या यंत्रावर कॉम्प्युटर शिकलो, त्याची सगळी मिळून मेमरी होती ४८ केबी. शुभेच्छांचे एक चित्रसुद्धा बहुधा त्यात मावले नसते.

त्या यंत्राचे नाव स्पेक्ट्रम प्लस. मूळ स्पेक्ट्रम इंग्लंडमधील सिंक्लेअर कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणला. त्याची सुधारित आवृत्ती आपल्या देशात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ पासून परवाना घेऊन विकली. १९९० पर्यंत असे काही हजार डबे खपले. ते कामगाराच्या घरी अर्थातच आले नाहीत. आमच्याकडे तो १९९४ साली आला, तोही फुकट. शेजारच्या मावशी नवीन पनवेलला एका बिऱ्हाडी धुणीभांडी करीत. तिथल्या मुलांसाठी मोठा कॉम्प्युटर आला आणि हा कपाटावर पडून राहिला. भंगारात देण्याऐवजी तो मावशींच्या पिशवीत आला. पनवेल तेव्हा नगरपरिषदेचे गाव होते. महानगरपालिका झाली ती २०१६ साली.

डबा म्हणजे नुसता कीबोर्ड. पडदा म्हणून घरचा टीव्ही, आणि साठवायला गाणी ऐकण्याचा साधा टेपरेकॉर्डर. टीव्हीची ॲन्टेनाची वायर काढून याची जोडायची, म्हणजे बातम्यांच्या वेळेला घरात भांडण ठरलेले. ४८ केबीतले जवळजवळ सात केबी पडद्यावरच्या चित्रालाच लागत. उरलेल्या ४१ केबीत तुमचा सगळा संसार. तरी त्याला कमी लेखू नये. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा आपल्या देशात बनवलेला कॉम्प्युटर चालू झाला. खोली भरून असलेल्या त्या यंत्राची मेमरी हिशेबाने दहा केबीच्या आसपास भरते. मावशींच्या पिशवीतून आली ती त्याच्या चौपटीहून अधिक.

त्या मेमरीचा स्वभाव पाटीसारखा. वीज गेली की पाटी कोरी, आणि त्याकाळी वीज जाण्याला वेळकाळ नव्हता. म्हणून जे लिहू ते कॅसेटवर उतरवायचे. उतरवताना आणि परत चढवताना टेपमधून असा काही कर्कश आवाज निघे की पलीकडच्या खोलीतली बाळे उठत. मोठा खेळ चढायला पाच मिनिटे लागत आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात चूक निघाली तर पुन्हा पहिल्यापासून. कोऱ्या कॅसेटला पैसे कुठले? घरातल्या सिनेमाच्या गाण्यांवर आमची नजर असे. भीमगीतांच्या कॅसेटना मात्र हात लावायची सोय नव्हती. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन बारीक चौकोनी पट्ट्या असतात, त्या तोडल्या की तिच्यावर नवे काही भरता येत नाही. वडीलमंडळींनी त्या आधीच तोडून ठेवलेल्या असत.

जागा कमी असली की माणूस हिशेबी होतो. या यंत्रात प्रोग्रॅम लिहिताना साधा शून्य टाकला तर त्याला सात बाइट लागत, कारण आकड्याबरोबर यंत्र स्वतःसाठी आणखी सहा बाइटांची नोंद गुपचूप ठेवी. त्याच जागी 'नॉट पाय' असे दोन शब्द लिहिले तर उत्तर शून्यच येई आणि काम दोन बाइटांत भागे, कारण तिथे अख्खा शब्द एका बाइटात बसत असे. आयटीआयला जाणाऱ्या आमच्या एका दादाने हे कुठूनसे शोधून आणले. पुढे आम्ही बी.कॉम. झालो, कारकुनी केली, पण काटकसरीचा असा धडा आम्हाला कॉलेजात कोणी दिला नाही.

आता जयंतीच्या वर्गणीचे. १४ एप्रिलची तयारी सुरू झाली तेव्हा दादाने ठरवले की यंदाचा हिशेब कॉम्प्युटरवर दाखवायचा. घरे सुमारे दीडशे. प्रत्येक नावाला वीस बाइट म्हणजे ३,०००, वर्गणीच्या प्रत्येक आकड्याला पाच म्हणजे ७५०. एकूण ३,७५० बाइट. सहज बसले, कॅसेटवर मिनिटभरात उतरलेही. समितीच्या काकांनी हात जोडून सांगितले, "तुमचं चालू द्या, पण खरी ती माझी वही." काकांचेही बरोबर होते. वहीला वीज लागत नाही.

अडचण दुसरीच निघाली. नावे इंग्रजी अक्षरांत, आणि वर्गणी देणाऱ्या निम्म्या बायांना इंग्रजी येत नव्हते. काहींनी तर साक्षरतेच्या वर्गात नुकतीच मराठी अक्षरे गिरवलेली. वर्गणी आपली, नाव आपले, आणि तेच वाचता येत नाही, मग तो हिशेब दाखवला कोणाला?

स्पेक्ट्रममध्ये स्वतःची अक्षरे काढण्यासाठी २१ जागा राखून ठेवलेल्या असत. एक अक्षर म्हणजे आठ आडव्या, आठ उभ्या अशा ६४ चौकटी. आम्ही गणिताची चौकटीची वही घेतली. आठ चौकटींच्या किमती डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. भरलेल्या चौकटींची बेरीज करायची आणि तो आकडा यंत्राला द्यायचा. आठही भरल्या तर २५५, म्हणजे आपली शिरोरेषा! अक्षरापुढे अक्षर ठेवले की रेषा आपोआप जुळे. ती पहिली जुळलेली रेषा टीव्हीवर पाहून आम्ही अक्षरशः नाचलो.

पण २१ अक्षरांत मराठी कशी बसावी? कांबळे, गायकवाड, जाधव, साळवे. नुसत्या आडनावांतच जागा संपत. मात्रेचा 'ळे' वेगळा, बिनमात्रेचा 'ळ' वेगळा. दादाने तोड काढली. पडद्यावर एकदा उमटलेले अक्षर राखीव जागेतला नमुना बदलला तरी पुसले जात नाही. म्हणून आधी एक संच छापायचा, मग त्याच जागी दुसरा भरायचा. एका संचाला १६८ बाइट; तीन संचांत बहुतेक घरे बसली. जोडाक्षरांच्या नावांना थोडी मोडतोड सोसावी लागली.

संध्याकाळी समाजमंदिरात टीव्ही ठेवला. एक आजी पडद्याला नाक लावून एकेक अक्षर लावीत राहिल्या. आपले नाव सापडल्यावर म्हणाल्या, "माझंच हाय. पण पोरांनो, ह्यो ळ न्हाई, ही जिलबी हाय." खरेच, आठ चौकटींत ळ नीट निघत नाही.

ज्येष्ठांपैकी काहींना हे कौतुक रुचले नव्हते. कॉम्प्युटर आला की कारकुनाची जागा जाणार, आणि आपल्या मुलांना मोठ्या कष्टाने मिळणाऱ्या नोकऱ्या त्याच, ही भीती पोकळ नव्हती. बँकांतल्या संघटनांनी यंत्रांना विरोध केला आणि १९८३ मध्ये करार करून ती मर्यादेतच येऊ दिली. पुढे काय झाले ते सर्वांसमोर आहे.

मराठीसाठी पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्ड आणले, ते कॉम्प्युटरमध्ये बसवले की पडद्यावर देवनागरी येई. १९९१ साली भारतीय लिप्यांचे सरकारी मानक ठरले. त्यात 'जयभीम' लिहायला ज, य, भ, वेलांटी आणि म असे पाच बाइट लागत. आज मोबाईलवर तोच शब्द युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत १५ बाइट घेतो. कोणी मोजत नाही.

आमचा डबा कधीच बंद पडला. घरोघरच्या कॅसेट मात्र अजून पत्र्याच्या पेट्यांत आहेत, आणि त्यांत वस्तीतल्या जुन्या जयंत्यांची गाणी-भाषणे आहेत, जी दुसरीकडे कुठेही मिळायची नाहीत. नव्वद मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जाने कॉम्प्युटरवर उतरवली तर सुमारे ९५० एमबी होते. त्या हिशेबाने आमच्या ४८ केबीत पाव सेकंदाहून थोडाच अधिक आवाज मावला असता, ढोलकीची जेमतेम एक थाप. आज ९५० एमबीचे ओझे कोणालाच नाही. टेपच्या हेडफोनच्या भोकातून कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात वायर जोडावी, आवाज बेताचा ठेवावा. आपल्याकडच्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते. तशी दिसली तर कॅसेट तशीच टेपमध्ये घालू नये, जाणकाराकडून आधी साफ करून घ्यावी. आणि उतरवलेल्याच्या दोन प्रती दोन घरांत ठेवाव्यात.