टायमिंग बेल्ट घरी बदलावा का?

आधी मॅन्युअल उघडा. मारुतीची के-सीरिज पेट्रोल इंजिनं आणि स्विफ्टचं १.३ लिटर डिझेल यांत चेन असते; त्यांच्या मालकांनी ही चौकट खुशाल सोडावी. जुनी मारुती ८००, ओम्नी, डस्टरचं १.५ लिटर डिझेल यांत मात्र रबरी दातेरी बेल्ट.

बेल्ट वयानेही थकतो. जव्हारहून फारतर विक्रमगडपर्यंत जाणारी गाडी किलोमीटर भरत नाही, पण वर्षं भरतात. मॅन्युअलमधली जी मुदत आधी संपेल ती धरायची. तुटण्याआधी बेल्ट सहसा आवाजही करत नाही. तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या वॉल्ववर आदळतात, वॉल्व वाकतात, हेड उतरवावं लागतं. हे मोखाड्याच्या पुढे तोरंगण घाटात झालं तर गाडी टो करण्यावाचून गत्यंतर नाही.

पान्याची सवय असेल तर ८००चं काम जमण्यासारखं आहे. डस्टरला क्रँक आणि कॅम जागेवर धरणाऱ्या लॉकिंग पिना लागतात. त्या नसतील तर सरळ मेस्त्रीकडे जा. टेन्शनरही सोबतच बदला, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही. सामान हातात आल्याशिवाय काही खोलू नका, नाहीतर गाडी ऐन पावसाळ्यात अंगणात उघडी पडेल.

खरी परीक्षा बेल्ट चढवल्यावर. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन चालण्याच्या दिशेनेच हाताने दोन पूर्ण फेरे द्या. क्रँक आणि कॅमवरच्या टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळल्या पाहिजेत. मध्ये कुठे अडलं तर जोर लावू नका, सेल्फ तर मुळीच मारू नका. बेल्ट उतरवून पुन्हा बसवा.