चित्राबाहेरचा काळ

एका शुक्रवारी सकाळी सहा वाजता पुण्याजवळच्या एका चाचणी-प्रयोगशाळेत आम्ही एक इलेक्ट्रिक मोटर चालू केली आणि सोमवारी सकाळी सहा वाजता ती बंद केली. मधल्या ७२ तासांत तिच्या वाइंडिंगचे, बेअरिंगांचे आणि बाहेरच्या कवचाचे तापमान १६ ठिकाणी, दर सेकंदाला १० वेळा मोजून संगणकातील फाइलीत लिहून ठेवण्याची तजवीज मी केलेली होती. सोमवारी ती फाइल उघडून पाहिली, तेव्हा सगळी चाचणी ६६ तास ४० मिनिटांतच संपल्याचे तीत दिसत होते. मोटर मध्येच थांबलेली नव्हती, वीज गेलेली नव्हती, एकही ओळ पुसली गेलेली नव्हती; तरीही पाच तास वीस मिनिटे दप्तरात कोठेच नव्हती. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, मोटर थंड राखणारा पंखा आम्ही रविवारी दुपारी बारा वाजता मुद्दाम बंद केल्याची नोंद वहीत असताना, फाइलीतील तापमान मात्र त्याच दिवशी सकाळी आठ वाजल्यापासून चढू लागले होते. परिणाम कारणाच्या चार तास आधी घडलेला होता!

ज्या सॉफ्टवेअरात हे घडले त्याचे नाव लॅबव्ह्यू. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या ऑस्टिन शहरात जेम्स ट्रुचर्ड, जेफ कोडोस्की आणि बिल नोव्हलिन या तिघांनी १९७६ साली नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स नावाची कंपनी काढली आणि मोजमापाची उपकरणे संगणकाला जोडून देणारी कार्डे विकण्यास प्रारंभ केला. उपकरणे जोडली जात होती. परंतु त्यांच्याकडून काम करून घेण्यासाठी लागणारा प्रोग्राम लिहिणे हे प्रयोगशाळेतील अभियंत्याला जिकिरीचे होई, कारण त्याचे शिक्षण विद्युतमंडलाचे नकाशे वाचण्यात झालेले असे, संगणकाच्या भाषेत नव्हे. मग प्रोग्रामच अशा नकाशासारखा का काढू नये, या विचारातून कोडोस्की यांनी जे घडविले ते १९८६ साली मॅकिंटॉश संगणकावर प्रथम बाहेर आले, १९९२ साली विंडोजवर आले, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत व कारखान्यांत रुळलेले आहे; पुणे-पिंपरी-चिंचवड-चाकणच्या वाहन-उद्योगातही ते अपरिचित नाही.

यात प्रोग्रामचे दोन चेहरे असतात. एक फ्रंट पॅनेल, म्हणजे पडद्यावर दिसणारी बटणे, काटे, आलेख. आणि दुसरा त्याच्यामागचा ब्लॉक डायग्राम, ज्यात प्रत्येक क्रियेसाठी एक चौकट असते व एका चौकटीतून निघालेली वायर पुढच्या चौकटीत शिरते. पूर्णांकाची वायर निळी, दशांशाची नारिंगी, अक्षरांची गुलाबी, होय-नाहीची हिरवी. तासाभरात नवशिक्यालाही तापमानाचा आलेख पडद्यावर धावताना दिसू लागतो, आणि हे या पद्धतीचे खरे, निर्विवाद श्रेय आहे. पण चित्र हे जागेचे असते आणि मोजमाप हे काळात घडते. कोणती चौकट कोठे आहे हे चित्र सांगते, ती केव्हा चालेल आणि किती वेळ घेईल हे ते सांगत नाही. या सॉफ्टवेअरातील ज्या अडचणींनी मला रात्री जागविले, त्यांपैकी बहुतेकींचे मूळ या एकाच गोष्टीत होते.

प्रथम क्रमाचेच पाहावे. आपण मराठी वाचणारी माणसे डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वाचतो, म्हणून डावीकडची चौकट आधी चालेल असे मन सहज गृहीत धरते. लॅबव्ह्यूचा नियम वेगळा आहे: ज्या चौकटीकडे तिला लागणारी सर्व माहिती पोहोचली ती चालण्यास मोकळी झाली, मग ती पडद्यावर कोठेही असो, आणि ज्या दोन चौकटींमध्ये वायरीचे नाते नाही त्यांचा आपसातील क्रम अनिश्चित. वीजपुरवठ्याला पाच व्होल्ट दे असा हुकूम देणारी एक चौकट काढली, तिच्या उजवीकडे दोनशे मिलिसेकंद थांबण्याची चौकट ठेवली, आणि तिच्याही उजवीकडे मीटर वाचण्याची. तिघींना जोडणारी वायर काढली नाही, तर तिन्ही चौकटी एकदमच सुरू होऊ शकतात, आणि मीटर आधीच्या पायरीचे व्होल्टेज वाचून मोकळा होतो. वाईट असे की, हे दरवेळी होत नाही. टेबलावर दहा वेळा बरोबर चालते आणि अकराव्या वेळी, नव्या संगणकावर, चुकते.

यावरील उपाय त्याच चित्रात दडलेला आहे आणि तो मला या भाषेतील सर्वांत सुंदर तरतूद वाटते. उपकरणाशी बोलणाऱ्या बहुतेक चौकटींना एररची वायर जोडण्याची सोय असते. तिच्यातून तीन गोष्टी वाहतात: कसूर घडला की नाही, त्याचा क्रमांक, आणि तो कोठे घडला याचा तपशील. ही वायर पहिल्या चौकटीतून दुसरीत व दुसरीतून तिसरीत ओवली की क्रम आपोआप बांधला जातो, कारण मागच्या चौकटीची कैफियत हाती आल्याशिवाय पुढची चालूच शकत नाही. थांबण्याच्या साध्या चौकटीला अशी वायर लावता येत नसेल तर तिच्याभोवती एक चौकोन काढून वायर त्या चौकोनातून न्यावी. नवशिके ही वायर पसारा म्हणून गाळतात. ती गाळू नये, असे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी सांगत आलो.

क्रमाचीच दुसरी अडचण लोकल व्हेरिएबलची. लांबवर वायर नेण्याचा कंटाळा आला की एखाद्या आकड्याला नाव देऊन तो चित्रात कोठूनही वाचण्या-लिहिण्याची सोय या सॉफ्टवेअरात आहे. पतपेढीत एकाच खात्याची शिल्लक दोन कारकुनांनी एकदम वाचली, दोघांनाही ५०० रुपये दिसले, एकाने १०० मिळवून ६०० लिहिले आणि दुसऱ्याने २०० मिळवून त्यावर ७०० लिहिले, तर खातेदाराचे १०० रुपये कोणाचीही नियत वाईट नसताना बुडतात. एकमेकांना समांतर चालणारी दोन लूप, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करणारी दोन आवर्तने, एकच लोकल व्हेरिएबल वाचून, वाढवून परत लिहितात तेव्हा तंतोतंत हेच होते. अशा वेळी लिहिण्याचा अधिकार एकाच लूपकडे ठेवावा आणि इतरांनी आपले म्हणणे क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, टाकावे.

आता त्या हरवलेल्या पाच तास वीस मिनिटांकडे येतो. माझ्या लूपमध्ये १६ वाचने घेण्यास व ओळ लिहिण्यास ८ मिलिसेकंद लागत होते, आणि क्रम बिघडू नये म्हणून मी १०० मिलिसेकंद थांबण्याची चौकट एररच्या वायरीत ओवून वाचनानंतर ठेवली होती. क्रम निर्दोष होता. पण प्रत्येक फेरी १०० ऐवजी १०८ मिलिसेकंदांची झाली. ७२ तासांत २५,९२,००० ओळी व्हायला हव्या होत्या, त्या २४,००,००० झाल्या. एवढ्यावर निभावले असते. परंतु वेळेचा रकाना मी घड्याळ पाहून भरलाच नव्हता. ओळीच्या क्रमांकाला ०.१ सेकंदाने गुणून तो भरण्याची सोपी युक्ती मी केली होती, आणि म्हणून ५४ व्या तासाची घटना फाइलीत ५० व्या तासाला जाऊन बसली. सहकाऱ्यांनी त्या चित्राची तपासणी केली होती व त्यात कोणालाही दोष दिसला नव्हता, कारण ते ८ मिलिसेकंद त्या चित्रात कोठेही काढलेले नव्हते.

उपाय दोन पायऱ्यांचा आहे. गती राखण्याचे काम शक्य तर मापन-कार्डावरील स्वतंत्र घड्याळाकडे सोपवावे. निदान ठरलेल्या कालखंडाच्या पुढच्या पटीपर्यंत थांबणारी चौकट वापरावी, म्हणजे कामात गेलेला वेळ थांबण्याच्या वेळेतून वजा होतो. आणि प्रत्येक ओळीबरोबर वाचनाच्या क्षणीची घड्याळाची वेळ लिहावीच. विंडोज ही अनेक कामे एकदम करणारी प्रणाली असल्याने मिलिसेकंदाचे वचन ती पाळू शकत नाही; जेथे ते पाळलेच पाहिजे तेथे रिअल-टाइम प्रणालीचा वेगळा संगणक घेतात. जिनिव्हाजवळील सर्न संस्थेच्या २७ किलोमीटर परिघाच्या कणवेगवर्धकात किरणशलाका सावरणाऱ्या कोलिमेटरांच्या जबड्यांची हालचाल लॅबव्ह्यूच्याच, परंतु अशा रिअल-टाइम संगणकांवर चालणाऱ्या प्रोग्रामांनी सांभाळली जाते.

काळाचा आणखी एक चकवा वाचनांच्या अंतरातच दडलेला असतो. थर्मोकपल ही दोन धातूंची जोडतार. तिच्या के जातीत एका अंशाच्या फरकाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्टच मिळतात, आणि आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण त्यात सहज मिसळते. पुरवठ्याची वारंवारता क्षणभर ४९.९ झाली आणि आपण सेकंदाला नेमकी १० वाचने घेत असलो, तर ती वेगवान गुणगुण आलेखावर दर १० सेकंदांनी वरखाली होणारी संथ, सुरेख लाट बनून उमटते. ती लाट मोटरच्या तापमानाची आहे असे मानून एका तरुणाने तिची कारणमीमांसा लिहिण्यास सुरुवात केलेली मी पाहिली आहे. प्रत्येक वाचन २० मिलिसेकंदांची, म्हणजे त्या गुणगुणीच्या एका पूर्ण आवर्तनाची, सरासरी म्हणून घेतले की लाट जवळजवळ नाहीशी होते.

पण सर्वांत घातक काळ म्हणजे उपकरणाच्या मौनाचा. मीटरशी संभाषण साध्या अक्षरांत चालते; प्रश्न पाठवायचा, उत्तराची वाट पाहायची. मीटर ९६०० च्या बॉडरेटने बोलत असेल आणि संगणक दुसऱ्याच वेगाने ऐकत असेल, किंवा निरोप संपल्याची खूण दोघांची एक नसेल, तर वाट पाहण्याची मुदत उलटते आणि हाती रिकामी अक्षरमाला येते. त्या रिकाम्या मालेचे संख्येत रूपांतर करणारी चौकट काहीही तक्रार न करता शून्य हा आकडा पुढे पाठविते. शून्य अंश हे तापमान असू शकते. म्हणून ते शून्य आलेखावर चढते, सरासरीत मिसळते आणि अहवालात शिक्कामोर्तब होऊन बाहेर पडते. न मिळालेल्या वाचनाच्या जागी शून्य लिहिणे ही मी खोटी साक्ष मानतो, मग ती अनवधानाने का दिलेली असेना. संगणकाच्या अंकगणितात ‘ही संख्या नव्हे’ असे सांगणारे एक खास मूल्य असते, ज्याला सगळे नॅन म्हणतात. एररच्या वायरीत कसूर आला असेल तर तेच लिहावे. आलेख तेथे तुटलेला दिसतो, आणि तो तसाच दिसला पाहिजे.

स्मृतीची आणि वाचनीयतेची अडचणही लहान नाही, पण ती थोडक्यात सांगता येते. लूपच्या प्रत्येक फेरीत वाढत जाणारी अ‍ॅरे बाळगू नये. आमच्या चाचणीची सर्व वाचने स्मृतीत ठेवली असती तर चार कोटींहून अधिक आकड्यांना ३३ कोटी बाइट लागले असते आणि ती अ‍ॅरे वाढविताना वारंवार नक्कलही झाली असती. वाचन झाले की ते फाइलीत लिहून मोकळे व्हावे. चित्र एका पडद्यात मावावे; न मावल्यास त्याचे सब-व्हीआय, म्हणजे उप-प्रोग्राम, पाडावेत. आणि ही चित्रे साध्या मजकुरासारखी साठत नसल्यामुळे, काल व आज यांत काय बदलले हे ओळीओळीने ताडून पाहता येत नाही, सबब केलेल्या प्रत्येक फेरफाराचे कारण त्याच दिवशी चित्रातच लिहून ठेवावे.

त्या मोटरची चाचणी आम्ही पुढच्या शुक्रवारी पुन्हा केली. फाइलीत २५,९२,००० ओळी होत्या, प्रत्येकीवर तिची वेळ होती, पंखा बंद केल्याची नोंद आणि तापमानाचा चढ रविवारी दुपारी बाराच्याच ओळीपाशी एकत्र आले होते, आणि मोजक्या काही ओळींत, जेथे एका थर्मोकपलचा सांधा सैल झाला होता, तापमानाच्या जागी नॅन लिहिलेले होते. त्या ओळी आम्ही अहवालात तशाच ठेवल्या.