सेन्सरचे गुण आणि मीडियम फॉरमॅटचे दशक

नोव्हेंबर २००८मध्ये डीएक्सओ लॅब्ज या फ्रेंच कंपनीने ‘डीएक्सओमार्क’ या नावाने कॅमेऱ्यांच्या सेन्सरना गुण द्यायला सुरुवात केली. मीडियम फॉरमॅटवाल्यांना त्याचे फारसे कौतुक नव्हते. हॅसलब्लाड, फेज वन किंवा लीफचा डिजिटल बॅक वापरणारा छायाचित्रकार बहुधा जाहिरात किंवा फॅशनच्या धंद्यातला असे. बॅकची किंमत मोटारीएवढी, त्यामुळे पुष्कळदा तो भाड्यानेच येई. मोठा सेन्सर म्हणजे चांगले चित्र, हे सगळे गृहीतच धरत. पुढच्या दशकभरात या गृहीतकाला धक्का बसला, मग ते नव्याने सिद्ध झाले, आणि या सगळ्यात खुद्द गुणांचेच वजन कमी झाले.

आधी हे गुण कसले होते ते पाहू. डीएक्सओ लेन्स बाजूला ठेवून सेन्सरची कच्ची माहिती मोजत असे. रंगांची खोली बिटमध्ये, डायनॅमिक रेंज स्टॉपमध्ये आणि अंधुक उजेडातली क्षमता आयएसओच्या आकड्यात, असे तीन निकाल असत. त्यांतून एकूण गुण निघत. सगळे सेन्सर एकाच मापावर आणण्यासाठी प्रत्येक चित्र ८ मेगापिक्सेलपर्यंत लहान केले आहे असे धरून हिशेब होई. गुण शंभरापैकी नव्हते, मोजपट्टी वर मोकळी होती. १५ गुणांचा फरक म्हणजे साधारण एक स्टॉप, ५ गुणांचा म्हणजे तिसरा हिस्सा.

या मोजपट्टीवर ६० मेगापिक्सेलच्या फेज वन पी६५+ ला ८९ गुण मिळाले आणि निकॉन डी३एक्स या फुल फ्रेम कॅमेऱ्याला ८८. पी६५+ चा सेन्सर क्षेत्रफळाने अडीचपट मोठा, किंमत कैकपट, आणि आघाडी एका गुणाची! खरी खळबळ २०१२मध्ये उडाली. ३६ मेगापिक्सेलच्या निकॉन डी८००ने ९५ गुण मिळवून ८० मेगापिक्सेलच्या फेज वन आयक्यू१८०ला (९१) मागे टाकले. एकाची किंमत ३ हजार डॉलर, दुसऱ्याची ४० हजारांच्या वर.

आकडे सुटे करून पाहिले की गोष्ट उलगडते. रंगांच्या खोलीत आयक्यू१८० पुढेच होता : २६.५ बिट विरुद्ध २५.३. डायनॅमिक रेंजमध्ये मात्र १३.६ विरुद्ध १४.४ असा मागे, आणि अंधुक उजेडात तर ९६६ विरुद्ध २८५३. नुसत्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने जो सेन्सर सव्वा स्टॉपने पुढे असायला हवा, तो दीड स्टॉपने मागे पडला होता.

याचे कारण सीसीडी. त्या बॅकमधले डाल्सा किंवा कोडॅकचे सीसीडी सेन्सर प्रत्येक पिक्सेलचा विद्युतभार ओळीने सरकवत मोजक्या ॲम्प्लिफायरपर्यंत नेत. लाखो पिक्सेल त्या दारातून घाईने बाहेर काढताना नॉइज वाढे. सोनीच्या नव्या सीमॉस सेन्सरमध्ये प्रत्येक स्तंभाला स्वतःचे डिजिटल रूपांतर होते; वाचन संथपणे, समांतर होई आणि गडद भागातला तपशील स्वच्छ उरे. मीडियम फॉरमॅटच्या जाहिरातींत ‘१६ बिट’ ठळकपणे छापलेले असे. पण ८ मेगापिक्सेलपर्यंत लहान करण्यातून मिळालेला फायदा वजा केला, तर आयक्यू१८०च्या एका पिक्सेलची रेंज १२ स्टॉपच्या आतच येते. उरलेल्या बिटांत माहिती नव्हती, नॉइज होता. मोठ्या आकाराने जुने इलेक्ट्रॉनिक्स झाकून ठेवले होते, आणि ते झाकण गुणांनी उचलले. गुणांचे सर्वांत मोठे काम हेच.

तरीही बॅक वापरणारे चिडले ते अगदीच निराधार नव्हते. आयक्यू१८०ची फाइल ३०० डीपीआयने ३४ बाय २६ इंच छापता येते, डी८००ची साधारण २४ बाय १६. सगळे ८ मेगापिक्सेलवर आणणाऱ्या पद्धतीत हा तपशील जमेला धरलाच जात नाही. हॅसलब्लाडच्या एच मालिकेतल्या लेन्समध्येच शटर असल्याने फ्लॅश १/८०० सेकंदापर्यंत जुळतो. डी८००चे शटर १/२५०ला थांबते. भर उन्हात फ्लॅश वापरून मॉडेलचे चित्र काढणाऱ्याला हा फरक पाच-सात गुणांपेक्षा कितीतरी मोलाचा. लेन्सचा दर्जा आणि त्वचेच्या रंगासाठी कंपनीने तयार केलेली प्रोफाइल यांनाही त्या गुणांत जागा नव्हती.

उलट, छपाई लहान असेल तर हा सगळा वादच फोल. २००८मध्येच कॅनडाचे छायाचित्रकार व लेखक मायकेल राइकमन यांनी फेज वन पी४५+ आणि खिशात मावणारा कॅनन जी१० यांच्या १३ बाय १९ इंची प्रिंट जाणकारांपुढे ठेवल्या. कोणती प्रिंट कशाची, हे त्यांना खात्रीने ओळखता आले नाही.

२०१४मध्ये चित्र पालटले. सोनीचा ४४ बाय ३३ मिलिमीटरचा, ५० मेगापिक्सेलचा सीमॉस सेन्सर फेज वन, हॅसलब्लाड आणि पेंटॅक्स या तिघांच्याही कॅमेऱ्यांत आला. आयक्यू२५० बॅक ३५ हजार डॉलरच्या आसपास, तर पेंटॅक्स ६४५झेड साडेआठ हजारांत! ६४५झेडला १०१ गुण मिळाले. २०१६मध्ये आलेल्या हॅसलब्लाड एक्स१डीला पुढे १०२. आकाराचा फायदा अखेर आकड्यांत उतरला. पण या दोन कॅमेऱ्यांमधला एका गुणाचा फरक म्हणजे स्टॉपचा पंधरावा हिस्सा. तो डोळ्यांना दिसत नाही, जाहिरातीतच दिसतो.

पुढे तर मोजण्यासारखे फारसे उरलेच नाही. २०१८-१९मध्ये सोनीची ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलची एकच पिढी तीन आकारांत आली : सोनी ए७आर४मध्ये ६१, फुजीफिल्म जीएफएक्स १००मध्ये १०२ आणि फेज वन आयक्यू४मध्ये १५१ मेगापिक्सेल. पिक्सेल तोच, तुकडा लहान-मोठा. ४४ बाय ३३चा सेन्सर फुल फ्रेमच्या १.७ पट, म्हणजे पाऊण स्टॉपची आघाडी. ती काढायला कागद-पेन्सिल पुरते, प्रयोगशाळा लागत नाही.

तेव्हा या गुणांना किंमत किती द्यावी? सीसीडीचा जुना बॅक स्वस्तात मिळतोय म्हणून घेणार असाल, तर जरूर पाहा. पण एकूण गुण सोडून तीन सुटे आकडे पाहा; कमी आयएसओवर, भरपूर उजेडात काम करणार असाल तर जुना बॅक आजही उत्तम रंग देतो. २०१४ नंतरचे सीमॉस कॅमेरे एकमेकांशी ताडताना मात्र ५ गुणांच्या आतला फरक खुशाल सोडून द्या. तो पैसा लेन्सवर घाला, आणि घेण्याआधी कॅमेरा एक दिवस भाड्याने आणून, ज्या आकारात छापणार त्या आकारात एक प्रिंट काढून पाहा.