बाहेर बर्फ, आत बोटींचा बाजार : बोट शोमध्ये पाटीवर लिहिलेली किंमत खरी का नसते?

जानेवारी महिना. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं मिनिआपोलिस शहर. पारा शून्याच्या कितीतरी खाली गेलेला असतो. आजूबाजूची तळी इतकी गोठलेली असतात की लोक त्यांच्यावर चक्क गाड्या नेतात आणि बर्फाला भोक पाडून मासे पकडतात. अशा थंडीत शहरातल्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये मात्र तिकीट काढून लोकांची गर्दी होते.

कशासाठी? तर बोटी बघायला.

आत गालिच्यावर चकचकीत बोटी मांडलेल्या असतात. बूट काढायचे, शिडीनं वर चढायचं आणि मऊ सीटवर बसून बघायचं. मुलं सुकाणू फिरवत बसतात आणि आईवडिलांचं लक्ष मात्र बोटीसमोरच्या पाटीकडे असतं, कारण तिथे किंमत लिहिलेली असते. गंमत अशी की त्या आकड्यात बोट क्वचितच घरी येते.

बोटींचा बाजार ऐन थंडीत का भरतो?

बंद सभागृहात बोटी मांडायची पद्धत जुनी आहे. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १९०५ साली मोटारबोटींचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमध्ये १९६९ पासून भरणारा 'बूट' हा शो आज जगातल्या सगळ्यात मोठ्या बोट प्रदर्शनांपैकी एक आहे. तोसुद्धा जानेवारीतच असतो.

यामागे साधा हिशेब आहे. मिनेसोटात बोट चालवायचे दिवस साधारण मे ते सप्टेंबर. आज ऑर्डर दिली तर कारखान्यात बोट तयार होऊन यायला काही महिने लागतात. म्हणजे जानेवारीत बयाणा दिला तर बर्फ वितळेपर्यंत बोट हातात येते.

दुसरं कारण डीलरच्या खिशाशी जोडलेलं आहे. शोरूममधल्या बोटी बहुतेक डीलर कर्ज काढून आणतात. बोट विकली जात नाही तोपर्यंत त्या कर्जाचं व्याज चालूच राहतं. त्यात बोटींचं नवं मॉडेल वर्ष साधारण जुलैच्या सुमारास सुरू होतं. त्यामुळे जानेवारीत पडून असलेली मागच्या वर्षीची बोट डीलरला जड झालेली असते. शोमध्ये खरी घासाघीस होते ती अशाच बोटींवर. अगदी नव्या मॉडेलवर डीलर सहसा तेवढा हात सैल सोडत नाही.

किंमत किती असते?

या शोमध्ये कुटुंबांची गर्दी होते ती पॉन्टून बोटींपाशी. पॉन्टून म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या लांब नळकांड्यांवर बसवलेला सपाट डेक, वर सोफे आणि छत. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मिनेसोटातल्याच अ‍ॅम्ब्रोस वीर्स नावाच्या शेतकऱ्यानं लोखंडी पिंपं एकाला एक जोडली आणि त्यावर लाकडी फळ्या ठोकल्या. त्या जुगाडातून हा प्रकार पुढे आला. पिंपांवरचा तो तराफा आज मध्यम आकारात घ्यायचा तर साधारण ४० ते ८० हजार डॉलर मोजावे लागतात.

१६ फुटांची साधी अ‍ॅल्युमिनियमची मासेमारीची बोट इंजिन आणि ट्रेलरसह २० ते ३० हजार डॉलरच्या आसपास येते. मागे मोठ्या लाटा उठवणारी, त्यावर फळी घेऊन सर्फिंग करता येईल अशी वेक बोट घ्यायची तर दीड लाख डॉलरही कमी पडू शकतात.

मग पाटीवर काय नसतं?

इथे आपल्याकडची म्हण चपखल बसते : चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

समजा एका कुटुंबानं ६० हजार डॉलरची पॉन्टून पसंत केली. एक डॉलर ८५ रुपये धरला तर हे ५१ लाख रुपये झाले. आता त्यावर मिनेसोटा राज्याचा ६.८७५ टक्के विक्रीकर लावा. झाले आणखी ४,१२५ डॉलर. कारखान्यापासून डीलरपर्यंतचं भाडं आणि बोट पाण्यात उतरवण्याआधीच्या तयारीचा खर्च बऱ्याचदा वेगळा लावला जातो. ट्रेलर किमतीत धरलाय की नाही, हे पाटीवरच्या बारीक अक्षरात शोधावं लागतं. इंजिनाचंही तसंच. पाटीवरची किंमत बऱ्याचदा छोट्या इंजिनाची असते आणि शोमध्ये बोटीला लावलेलं इंजिन त्याहून मोठं असतं.

सगळ्यात मोठा मसाला मात्र कर्जाचा. बोटीचं कर्ज १५ ते २० वर्षांचं मिळतं. आपल्या कुटुंबानं १२ हजार डॉलर रोख भरले आणि उरलेले ४८ हजार ८ टक्के व्याजानं १५ वर्षांसाठी घेतले असं धरू. महिन्याचा हप्ता येतो साधारण ४५९ डॉलर. ऐकायला सोपा वाटतो. पण १५ वर्षांत नुसतं व्याजच साडेचौतीस हजार डॉलरच्या वर जातं. म्हणजे ६० हजारांची बोट, कर न धरताही, साडेचौऱ्याण्णव हजारांना पडते. म्हणूनच शोमध्ये विक्रेता एकूण किमतीपेक्षा महिन्याच्या हप्त्याबद्दल जास्त बोलू लागला, की गिऱ्हाइकानं जरा सावध व्हायचं असतं.

बोट उभी असली तरी खाते

मोटार घरासमोर लावता येते. बोटीला धक्क्यावर भाड्यानं जागा घ्यावी लागते, नाहीतर प्रत्येक वेळी ट्रेलरवरून ओढून न्यावी लागते. ओढायची म्हणजे तेवढ्या ताकदीची गाडी दारात हवी. विमा वेगळा.

मिनेसोटासारख्या थंड प्रदेशात आणखी एक खर्च दरवर्षी ठरलेला. इंजिनात पाणी राहिलं आणि ते गोठलं तर फुगून इंजिनाला तडा जाऊ शकतो. त्यामुळे हिवाळ्याआधी पाणी काढणं, न गोठणारं द्रव भरणं, इंधन खराब होऊ नये म्हणून औषध टाकणं आणि बोट प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवणं ही कामं करावीच लागतात. बोट ठेवायच्या जागेचं भाडं बऱ्याच ठिकाणी लांबीवर, म्हणजे फुटांच्या हिशेबानं घेतात. वर्षातले पाच महिने वापर आणि बारा महिने खर्च असा हा मामला.

बोटमालकाच्या आयुष्यात आनंदाचे दिवस दोनच, एक बोट घेतली तो आणि दुसरा ती विकली तो, असं अमेरिकेत गमतीनं म्हणतात ते उगाच नाही.

पण बोटी इतक्या महाग का?

पहिलं कारण म्हणजे हातकाम. फायबरग्लासची बोट साच्यात घडते. आधी साच्यात चकाकीचा थर, मग काचेच्या धाग्यांचे आणि रेझिनचे थर एकावर एक. बोटीचं खालचं अंग आणि वरचा डेक वेगवेगळे बनवून नंतर जोडतात. वायरिंग, टाक्या, सीट बसवायलाही माणसंच लागतात. मोटारीचं एक मॉडेल लाखांत विकलं जातं, त्यामुळे साच्यांचा आणि डिझाइनचा खर्च वाटला जातो. बोटीच्या एका मॉडेलला तेवढी गिऱ्हाइकं मिळत नाहीत.

एकेकाळी याच फायबरग्लासनं बोटी स्वस्त केल्या होत्या. १९५९ च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये पिअरसन नावाच्या दोन चुलतभावांनी २८ फुटांची 'ट्रायटन' ही शिडाची बोट मांडली. किंमत १० हजार डॉलरच्या आत. त्या एका शोमध्ये त्यांना १७ ऑर्डर मिळाल्या आणि पुढे फायबरग्लासच्या बोटींची लाटच आली. त्या काळचे १० हजार म्हणजे आजचे एक लाखाहून जास्त डॉलर. थोडक्यात, 'स्वस्त' बोट तेव्हाही खिशाला जडच होती.

दुसरं कारण कोरोना. २०२० मध्ये लोकांना गर्दीपासून लांब जायचं होतं, कर्ज स्वस्त होतं. त्या वर्षी अमेरिकेत तीन लाखांहून जास्त नव्या मोटारबोटी विकल्या गेल्या. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमधल्या हिमवादळानं रसायनांचे कारखाने बंद पाडले आणि रेझिन, फोम मिळेनासे झाले. किमती चढल्या. पुढे मार्च २०२२ पासून अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हनं व्याजदर वाढवायला सुरुवात केली. शून्याजवळ असलेला दर जुलै २०२३ पर्यंत साडेपाच टक्क्यांपर्यंत पोचला. विक्री घसरली, पण चढलेल्या किमती काही आधीच्या जागी परतल्या नाहीत.

आपल्याकडे काय?

भारतात हौसेची बोट ही सरकारच्या लेखी चैन आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून यॉट आणि मौजेच्या बोटींवर ४० टक्के जीएसटी लागतो. आधी तो २८ टक्के अधिक सेस असा होता. मासेमारीच्या बोटीला मात्र ५ टक्के. त्यातून बोट घेतली तरी ठेवायची कुठे, हा प्रश्न उरतोच. मुंबईत गेटवेसमोर दिसणाऱ्या खासगी यॉट भर पाण्यात नांगरलेल्या असतात.

मग शोला जावं की नाही?

जरूर जावं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या बोटी एकाच छताखाली चढून बघता येतात, अशी संधी दुसरीकडे मिळणं अवघड. जाणकार मात्र पहिल्या फेरीत सही करत नाहीत. कर, भाडं, ट्रेलर आणि दिसतंय तेच इंजिन धरून दारात पडणारी किंमत ते कागदावर लिहून मागतात. मग त्याच पैशांत चार-पाच वर्षं वापरलेली बोट किती मोठी मिळेल, हे जुन्या बाजारात तपासतात, कारण नव्या बोटीची किंमत पहिल्या काही वर्षांतच सगळ्यात जास्त उतरते.

हौसेला मोल नसतं म्हणतात. बोटीच्या हौसेला ते असतं, फक्त सगळंच्या सगळं पाटीवर लिहिलेलं नसतं.